एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आहे, आणि गावाने मला आत्ताच 'वकीलबाई' केलंय

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. बी.कॉम.नंतर तीन वर्षं एका पतसंस्थेत काम केलं आणि यंदा सीईटी देऊन तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेतला. घरात वकील कुणीच नाही. कोर्टाची पायरी चढायची नाही म्हणून आजोबांनी बांधाचा वाद सोडून दिला होता, एवढाच आमचा कोर्टाशी संबंध.

कॉलेजला जेमतेम तीन महिने झालेत. कराराच्या कायद्यात प्रस्ताव आणि स्वीकृती संपून आता प्रतिफल चालू आहे. दिवाळीला गावी गेले, तर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ओळखीतल्या एक काकू मागच्या दाराने आल्या. हातात मेडिकलची प्लॅस्टिकची पिशवी. ती त्यांनी थेट माझ्या मांडीवर ठेवली. आत सातबारा, आठ-अ, घडीवर फाटायला आलेला फेरफाराचा उतारा आणि टाइप केलेलं हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा कागद, होतं. "भाऊ गुरुवारी तालुक्याला सही करायला चल म्हणतात. तू वकील झालीस ना, बघ बरं."

मी पाचच मिनिटं कागद चाळले आणि म्हणाले, "काकू, सही करू नका. २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे." त्यांचा चेहरा उजळला. मलाही फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

रात्री झोप लागेना. जमीन वडिलोपार्जित आहे की त्यांच्या वडिलांनी स्वतः घेतलेली? वाटप आधीच झालेलं आहे का? वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं का? यातलं मी काहीही विचारलं नव्हतं. वर्तमानपत्रात वाचलेलं एक वाक्य मी त्यांना कायदा म्हणून देऊन टाकलं होतं.

त्याहून वाईट पुढेच. जाताना काकू म्हणाल्या होत्या, "तुझ्या पप्पांना नको सांगूस, त्यांची त्या घरात उठबस आहे." रात्री जेवताना पप्पांनी विचारलं, "ती कशाला आली होती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हक्कसोडपत्राचं विचारत होत्या." पप्पा काही बोलले नाहीत, पण त्यांचा घास हातातच राहिला.

म्हणून विचारते. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळायला अजून अडीच वर्षं आहेत. तोवर मी स्वतःला कोण समजायचं? लोक तर आत्ताच वकील समजतात. तुम्हाला पहिल्या वर्षात हे कसं उमगलं?

*(संपादन: गावाचं नाव, जमिनीचं क्षेत्र आणि नात्यातले काही तपशील काढून टाकले आहेत. कारण खाली जुना_ज्युनिअर यांच्या प्रतिसादात आहे.)*

---

रानवाटा

ताई, मी पाच वर्षांच्या कोर्सला पहिल्या वर्षात आहे, वय १९. माझीही हीच गत. आमच्या आळीत भांडण झालं की माझे चुलते म्हणतात, "थांबा, आमचा वकील बघून घेईल." आणि कॉलेजात मात्र माझं तोंड उघडत नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यम. मूट कोर्टाच्या (सरावाच्या खटल्याच्या) निवडीत इंग्लिश स्कूलची मुलं 'माय लॉर्ड' म्हणत उभी राहतात तेव्हा वाटतं, वकील असं दिसतं, म्हणजे मी तो नाही. गावात जास्तीचा वकील आणि कॉलेजात कमीचा. तुमचा प्रश्न माझाही आहे.

---

जुना_ज्युनिअर

कृष्णाकाठ, आधी एक तातडीचं काम. तुझ्या पोस्टमध्ये गावाचं नाव आहे, क्षेत्र आहे, भावांची संख्या आहे. त्या गावातला कुणीही हे वाचून ती बाई कोण ते सांगेल. ते आत्ता काढ. पुढचं मग वाच.

मी तालुका कोर्टात २२ वर्षं वकिली करतोय. बोलायचा अधिकार मला माझ्याच एका चुकीने दिलाय, तीच सांगतो.

नवीन सनद होती. सिनियरांकडे एक वाटपाचा दावा होता. जिल्ह्याला जाताना एस.टी.त वर्गमित्र भेटला आणि मी फुशारकीने सांगितलं, "आमची पार्टी अकरा गुंठ्यांवर येईल बघ, फक्त विहिरीत पाळी पाहिजे." मागच्या सीटवर प्रतिवादीचा जावई बसला होता. पुढच्या तारखेला समोरच्यांची तडजोड आली: अकरा गुंठे आणि विहिरीत पाळी. आमचा अशील वीस गुंठे मागत होता आणि कदाचित सोळा तरी मिळाले असते.

सिनियर ओरडले नाहीत. म्हणाले, "अशिलाला तूच जाऊन सांग." सात किलोमीटर सायकलने गेलो. ओसरीवर बसून सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना. त्या ओसरीवरून उठलो तेव्हा मी वकील झालो. सनद त्याच्या आठ महिने आधीच मिळाली होती.

आता कायद्याचं. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं उघड न करण्याचं बंधन पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. ते वकिलावर आहे, त्याच्या कारकुनावर आणि नोकरांवरही आहे. तू त्यात कुठेच बसत नाहीस. तुला कुठलं बार कौन्सिल (वकिलांची नियामक संस्था) नोटीस काढणार नाही. त्या काकूंचं गुपित राखायला तुझ्याजवळ तुझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून ही सवय आत्ता लागते. सनदेनंतर भीतीने पाळशील, आत्ता पाळलीस तर ती तुझी होईल.

वडिलांना काय सांगायचं हाही प्रश्न आहेच. माझ्या बायकोला २२ वर्षांत माझ्याकडे कोण कशासाठी येतं हे मी सांगितलेलं नाही. सुरुवातीला राग यायचा तिला. आता पाहुण्यांनी विचारलं तर तीच म्हणते, "ते त्यांच्या ऑफिसातलं."

---

कृष्णाकाठ

सर, काढलं. लिहिताना एकदाही मनात आलं नाही की मी तीच चूक तिसऱ्यांदा करतेय. आधी पप्पांना सांगितलं, मग रूममेटला, आणि आता इथे.

---

पाटी_पेन्सिल

मी विधी महाविद्यालयात शिकवते, पहिल्या वर्षाचाच वर्ग असतो. आमच्या अभ्यासक्रमाच्या रचनेतच एक गोची आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने जी चार प्रात्यक्षिक पेपरांची सक्ती केली आहे, त्यात व्यावसायिक नीतिमत्ता येते, मूट कोर्ट आणि इंटर्नशिप येते. पण बहुतेक ठिकाणी हे सगळं शेवटाकडे ढकललेलं असतं. पहिल्या वर्षी मुलं कलमं पाठ करतात, आणि वकिलाने कसं वागायचं हे दोन वर्षांनी, परीक्षेपुरतं. तोवर त्यांनी सिनेमातून, चुलत्यांकडून, कोर्टाबाहेरच्या टपरीवरून आपापला वकील मनात घडवलेला असतो. तो मग हलत नाही.

म्हणून मी पहिल्याच आठवड्यात बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर हे प्रकरण घेते. ते आपल्या मुंबईचं आहे. फौजदारी न्यायालयाच्या दारात काही वकील उभे राहायचे, पक्षकार दिसला की धावायचे, कागद ओढायचे, फी पाडून सांगायचे, प्रसंगी हातघाईवर यायचे, असा आरोप होता. राज्याच्या कौन्सिलने त्यांना दोषी धरलं, भारतीय कौन्सिलने सोडलं, आणि राज्याचं कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे आधी प्रश्न निघाला की कौन्सिलचं यात वैयक्तिक काय गेलं, ते अपील कसं करू शकतं? १९७५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, करू शकतं, कारण व्यवसायाची वर्तणूक राखणं हेच त्याचं काम आहे. मुलं हे ऐकतात तेव्हा वर्गात शांतता होते. आपण ज्या पेशात चाललोय त्यात दुसऱ्याच्या वागण्याने आपलंही काही जातं, ही कल्पनाच त्यांना नवी असते.

दुसरं, मी मुलांना महिन्याभरात कोर्टात पाठवते, पण कोर्टरूममध्ये नाही. दिवसभर व्हरांड्यात एका पक्षकाराशेजारी बसायचं आणि एकच पान लिहायचं: तो किती वाजता आला, पुकारा किती वाजता झाला, काय झालं ते त्याला कळलं का.

गेल्या वर्षीचं एक पान माझ्याकडे जपून ठेवलंय. आजोबा सव्वादहाला आले, सोबत फडक्यात भाकरी. पुकारा चार वाजून वीस मिनिटांनी. दीड मिनिटात बाहेर. त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं, "काय झालं गं?" तिलाही कळलं नव्हतं. ती आत जाऊन बेंच क्लार्कला विचारून आली आणि पुढची तारीख एस.टी.च्या तिकिटामागे मोठ्या अक्षरात लिहून दिली. मग ई-कोर्ट्सच्या ॲपवर खटल्याचा सोळा अंक-अक्षरांचा सी.एन.आर. नंबर टाकून तारीख कशी बघायची ते त्यांच्या नातवाला फोनवर समजावलं. पानाच्या शेवटी तिने लिहिलंय: 'आज मी कायद्याचं काहीच केलं नाही, पण ते मला "वकीलबाई" म्हणाले आणि मला लाज वाटली नाही.'

कृष्णाकाठ, तुला लाज वाटली, कारण उत्तर तुझं नव्हतं. त्या मुलीने आधी 'मला माहीत नाही, विचारून येते' म्हटलं. पहिल्या वर्षात एवढं वाक्य बोलता आलं तरी मी तिला पास करते.

---

हापूस_देवगड

सगळं खरं आहे, पण मला एक बोलायचंय. मी तिसऱ्या वर्षाला आहे, वडील रिक्षा चालवतात. एका शहरात सिनियरकडे सहा महिने जायचो. सकाळी झेरॉक्स, दुपारी तारखा, रात्री नऊला टायपिंग. हातात काय, तर महिन्याला दोन हजार, तेही मागितल्यावर. नीतिमत्ता, ओळख, सेवा हे शब्द तिथेही रोज ऐकू यायचे. ज्याला घरून पैसे येतात त्याला ही ओळख परवडते. माझ्यासारख्याने पहिल्या वर्षापासूनच कॉर्पोरेटचा विचार केला तर त्याला हलकं समजू नका, एवढीच विनंती.

---

जुना_ज्युनिअर

हलकं कोण समजतो? तुझी तक्रार रास्त आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं. नुसतं सुचवलंय, सक्ती नाही. विद्यार्थ्याला तर तेही लागू नाही. मी माझ्या ज्युनिअरला पंधरा देतो, दोन वर्षांपूर्वी आठ देत होतो. हे मी आधी करायला हवं होतं.

नोंदणी शुल्काचं मात्र चांगलं झालं. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलंय त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, म्हणजे ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. तुझ्यासारख्या मुलाला दारातच अडवणारी एक पट्टी निघाली.

पण एक लक्षात ठेव. कंपनीत गेलास तरी कागद तुझ्यासमोर येणारच, आणि 'हे तेवढं मागच्या तारखेने टाक' म्हणणारा कुणीतरी भेटणारच. तेव्हा कोण आहेस ते ठरवायला वेळ मिळत नाही, ते आधीच ठरलेलं असावं लागतं. गरिबाच्या मुलावर हा ताण जास्त येतो हे मी मान्य करतो. म्हणून तर सिनियरने पैसे दिले पाहिजेत.

---

अटलांटिकपार

मी न्यू जर्सीत असते. मुलगी इथे लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणून धागा उघडला. इकडे अमेरिकन बार असोसिएशनने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियमच केला की प्रत्येक लॉ स्कूलने विद्यार्थ्यांना व्यावसायिक ओळख घडवण्याची भरपूर संधी द्यायची. मुलीला त्यासाठी पहिल्याच सत्रात चिंतनवही लिहावी लागते. ती वैतागते, म्हणते, काय लिहू, मी अजून काही केलंच नाही. पाटी_पेन्सिल ताईंचा व्हरांडा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आई, आम्हाला कुणी असं बसवलंच नाही."

---

समईची_वात

रानवाटा, तुझ्या मराठी माध्यमावर कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी नऊ वर्षं जिल्हा न्यायालयात आहे.

उच्च न्यायालयात इंग्रजी लागतं, तिथे पळवाट नाही, ते शिकच. रोज एक निकालपत्र मोठ्याने वाच, सहा महिन्यांत फरक पडतो. पण खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे आणि खटला उभा राहतो तो तिथे. साक्षीदार पिंजऱ्यात काय बोलतो त्यावर. माझ्या एका प्रकरणात साक्षीदार म्हणाला, "त्यांनी बांध कोरला, वहिवाट आमचीच होती." समोरचे वकील शहरात वाढलेले, अतिशय हुशार. त्यांनी 'कोरला' म्हणजे 'फोडला' धरून पुढचे सगळे प्रश्न विचारले. कोरणं हे दरवर्षी नांगराच्या एका तासाने सरकत जातं, एका रात्रीत होत नाही. मला ते माहीत होतं, कारण माझ्या बापाने ते सोसलंय. तो एक शब्द उलटतपासाच्या नोंदीत नीट राहावा म्हणून मी उभी राहिले. तू आळीतून जे घेऊन आलायस ते कॉलेजात मिळत नाही, रे.

आणि मुलींसाठी. पहिली दोन वर्षं मला रोज विचारायचे, "कोणत्या साहेबांकडे?" मी अशील घेऊन आले तरी लोक माझ्या मागे कुणीतरी पुरुष शोधायचे. कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकच्या. १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, आणि वकील म्हणून नोंद व्हायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. अभ्यास पुरा, पण दार बंद. तीसेक वर्षं त्या तरीही पडद्यातल्या बायकांच्या मालमत्तेचं काम करत राहिल्या. वाईट दिवस असला की मी त्यांची आठवण काढते.

कृष्णाकाठ, तुझ्या काकू मागच्या दाराने तुझ्याकडेच का आल्या, याचा विचार कर. तालुक्याला वीस वकील बसतात. पण त्या भावांना ओळखत नाही असा एखादाच, आणि बाई तर कुणी नसेलच.

---

पाटी_पेन्सिल

वात, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. तिने नुसतंच 'मी वकील नाही, मला विचारू नका' म्हणून हात झटकले असते तर काकू गुरुवारी सही करून आल्या असत्या.

मग मधली वाट कोणती? वकिली करायचा हक्क फक्त नोंदणी झालेल्या वकिलाला आहे, ते पक्कं. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत विधी सेवा मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. कायद्याचे विद्यार्थी विधी स्वयंसेवक म्हणून तिथे कामही करू शकतात. हे सांगणं म्हणजे सल्ला देणं नव्हे, दार दाखवणं. आणि दारापर्यंत सोबत जायला सनद लागत नाही.

सोबत नेण्याआधी एक यादी काकूंकडून भरून घे: जमीन कुणाच्या नावावर कशी आली, वडील कधी वारले, वाटप झालं का आणि नोंदवलं का, मृत्युपत्र आहे का, यापूर्वी कुठे सही केली आहे का. मत द्यायचं नाही. विचारायचं आणि लिहायचं. अशिलाची मुलाखत हा आपल्या अभ्यासक्रमातला गुणांचा विषय आहे, तुझी आत्ताच झाली समज.

---

जुना_ज्युनिअर

आणि एक घाई लक्षात घे. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं गेलं की ते रद्द करून घ्यायला दावा लागतो, वर्षं जातात. सही करायच्या आधीचा एक दिवस सहीनंतरच्या पाच वर्षांइतका मोलाचा आहे. काकूंना 'करू नका' म्हणू नकोस. 'वकिलाला भेटेपर्यंत थांबा' म्हण. ते तुला म्हणता येतं. आणि सगळं समजून त्यांना भावांना हिस्सा सोडायचाच असेल तर तोही त्यांचाच निर्णय. माझ्याकडे डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर समाधान घेऊन सोडणाऱ्या बहिणी आल्यात. आपण त्यांची लढाई ठरवायची नसते.

---

कृष्णाकाठ

काल दिवसभर धागा उघडला नाही, कारण गावी परत गेले होते.

आधी पप्पांशी बोलले. म्हटलं, परवा मी जे बोलले ते माझं सांगायचं नव्हतं, चुकले. तुम्ही ते कुणाकडे काढू नका, आणि यापुढे माझ्याकडे कोण कशाला आलं ते विचारू नका. पप्पा जरा वेळ वर्तमानपत्रात बघत राहिले. मग म्हणाले, "मी कुणाला बोललो नाही." एवढंच.

मग काकूंकडे. मी मागच्याच दाराने गेले. आधी कबूल केलं की पप्पांना बोलले. दुसरं, की त्या दिवशी मी घाईने सांगितलं, मला पुरतं माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग खरं काय?" मी म्हटलं, "मला माहीत नाही काकू, पण ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडे घेऊन जाते." पाटी_पेन्सिल ताईंच्या यादीतले प्रश्न वहीत घेऊन गेले होते. दोन तास लागले. मधे त्या जे बोलल्या त्यात यादीतलं थोडं होतं, बाकी चाळीस वर्षांचं होतं. मी सगळं लिहिलं नाही. काही वेळ पेन खाली ठेवलं.

---

रानवाटा

ताई, मग पुढे? गुरुवारी काय झालं? सही केली का त्यांनी?

---

कृष्णाकाठ

बुधवारी सकाळी आम्ही दोघी पहिल्या एस.टी.ने तालुक्याला गेलो. विधी सेवा समितीच्या कार्यालयात अर्ज भरून दिला, वकील मिळाल्या. काकू आत गेल्या, मी बाहेर बाकावर बसले. पाऊण तासाने त्या बाहेर आल्या आणि आम्ही उसाचा रस प्यायलो.

त्यापुढचं मी इथे सांगणार नाही, रानवाटा.